‘ओळखते ना?’ हा प्रश्न उशिराचा

‘‘आई आम्हाला सगळ्यांना ओळखते, मॅडम. नातवंडांची नावंसुद्धा बरोबर सांगते. मग कसला आलाय डिमेन्शिया?’’

निफाड तालुक्यातून आईला ओपीडीत घेऊन आलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आजी बाहत्तर वर्षांच्या. आणले होते चक्कर येते म्हणून. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, गोळ्या लिहून दिल्या. केसपेपर घेऊन मुलगा उठला, तेव्हा दाराशी थांबलेली सून हळूच म्हणाली, ‘‘आत्याबाई हल्ली स्वयंपाकात गडबडतात. आणि पाटल्या चोरल्या म्हणून माझ्यावर आळ घेतात.’’ मुलगा चिडला. घरातली भांडणे डॉक्टरांसमोर कशाला काढायची, असे त्याचे म्हणणे.

मी तिघांना परत बसवले. सरकारी ओपीडीत सकाळी अकरा वाजता एका पेशंटला जास्तीची दहा मिनिटे देणे म्हणजे बाहेरच्या रांगेचा राग ओढवून घेणे. पण त्या दहा मिनिटांत जे बाहेर आले, ते रक्ताच्या कुठल्याही तपासणीत आले नसते. आजी वीस-पंचवीस वर्षे घरच्या द्राक्षबागेवरच्या मजुरांची हजेरी सांभाळत होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण हिशेब तोंडपाठ. गेल्या दोन छाटण्यांपासून हजेरी चुकायला लागली. एका बाईला दोनदा पैसे दिले गेले, दुसरीचे राहिले. मुलाने वही काढून घेतली. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घातला. रोज पाणी बदलायचे, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मग शिजवायचा. सगळ्या गल्लीला त्यांनीच शिकवलेला हा क्रम त्यांना मध्येच सापडेना. गहू वाया गेला. ‘आता वय झालं’ म्हणून तेही काम बंद झाले. आणि रक्तदाबाच्या गोळ्या? महिनाअखेरीस पाकीट कधी अर्धे उरायचे, कधी वीस दिवसांतच संपायचे. चक्कर कशाने येत होती, ते इथे कळले.

नावे मात्र सगळी बरोबर.

डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हा शब्द आता गावोगावी ऐकून माहीत आहे. पण तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ती आजाराची पुढची अवस्था: पोटच्या मुलाला न ओळखणारे वडील, भर दुपारी घराबाहेर पडून हरवलेली आजी. त्यामुळे ‘ओळखते ना?’ याचे उत्तर ‘हो’ आले की घर निर्धास्त होते. जवळच्या माणसांची ओळख आयुष्यभर घोटलेली असते, ती बहुधा बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. अल्झायमरच्या सुरुवातीला जाते ते नवे लक्षात ठेवणे, आणि अनेक पायऱ्यांचे काम ओळीने तडीस नेणे. पहिली खूण नात्यात शोधून सापडत नाही. ती कामात दिसते.

हाच उशिराचा प्रश्न आपल्या आरोग्य यंत्रणेनेही उचलला आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ फॉर्म आशाताई घरोघरी भरून घेतात, त्यात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्याबरोबर साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळे चार प्रश्न आहेत. उभे राहताना तोल जातो का, हालचालींवर मर्यादा आणणारे अपंगत्व आहे का, रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते का, आणि चौथा: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? स्मरणशक्तीबद्दल त्या विभागात एवढेच. एकाही प्रश्नाला ‘हो’ आले तर डॉक्टरकडे पाठवायचे. फॉर्ममध्ये हा प्रश्न आला, ही चांगलीच गोष्ट आहे, पूर्वी तेवढेही नव्हते. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, ज्याला याचे उत्तर ‘हो’ द्यावे लागते, त्याचा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. दुसरी अडचण सरळच आहे: विसरणाऱ्या माणसालाच आपण विचारतो, ‘तू विसरतोस का?’ आमच्या निफाडच्या आजींनी याला ठणकावून ‘नाही’ म्हटले असते, आणि फॉर्मपुरते ते खरेही ठरले असते. उत्तर होते दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे. तिला विचारणारा रकाना त्या विभागात नाही.

हा केवळ फॉर्मचा कीस काढण्याचा प्रकार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. पण मला त्यातले पोटातले आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. पुरुषांमध्ये प्रमाण ५.८ टक्के, स्त्रियांमध्ये ९ टक्के. शहरात ५.३, खेड्यात ८.४. शिक्षण जितके कमी तितके प्रमाण जास्त. म्हणजे या आजाराचा आपल्याकडचा नेहमीचा चेहरा हा निवृत्त प्राध्यापकाचा नसून खेड्यातल्या, जेमतेम शाळा पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईचा आहे. आणि आमच्या चाचण्या नेमक्या तिच्याच बाबतीत अडखळतात. जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची चाचणी कागदावर एक वाक्य लिहायला सांगते, पंचकोनाची आकृती काढायला सांगते, आजची तारीख विचारते. जिने आयुष्यात कॅलेंडरची तारीख पाहिली ती फक्त दूधवाल्याच्या हिशेबापुरती, तिचे गुण इथे कमीच पडणार. त्यावरून तिला डिमेन्शिया ठरवणे चूक, आणि ‘अशिक्षित आहे, येणार नाहीच’ म्हणून सोडून देणेही चूक.

यावर आपल्याच देशात काम झालेले आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये नव्वदच्या दशकात संशोधकांनी निरक्षरांसाठी ही चाचणी हिंदीत नव्याने घडवली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच प्रकल्पातून १९९९ मध्ये घरच्यांना विचारायची एक छोटी प्रश्नावली आली, ‘एव्हरीडे अ‍ॅबिलिटीज स्केल फॉर इंडिया’. निरोप दिला तर तो पोचवतात का? नुकतेच जेवले हे विसरतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात असतात का? लग्नकार्यासारख्या घरच्या महत्त्वाच्या बाबीत मत देतात का? गावातल्या गावात वाट चुकतात का? असे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही आणि एमडीची पदवीही लागत नाही. मी माझ्या ओपीडीत त्यांना इथला रंग देते. तारखेऐवजी विचारते, एकादशी होऊन गेली की यायची आहे? गंगेवरचा बाजार कोणत्या वारी असतो? नाशिकची म्हातारी माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि बुधवार चुकत नाहीत. चुकला, तर मी खुर्ची पुढे ओढते.

साधा वयाचा विसर आणि हा आजार यांतला फरक वाचकांना नेहमी हवा असतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, शेजाऱ्याचे नाव ओठांवर येऊन अडकणे, खोलीत येऊन ‘कशाला आले होते?’ असा प्रश्न पडणे, हे माझेही होते. लग्नात कोण कोण भेटले यातली दोन नावे विसरणे निराळे. आपण परवा लग्नाला गेलो होतो हेच विसरणे निराळे. एकच प्रश्न अर्ध्या तासात चौथ्यांदा येतो आणि विचारणाऱ्याला तो पहिल्यांदाच विचारतोय असे वाटते. पण त्याहूनही उपयोगी कसोटी म्हणजे माणसाची त्याच्या स्वतःच्याच पूर्वीच्या कामाशी तुलना. जन्मभर एसटीत कंडक्टर असलेला माणूस किराणा दुकानात शंभराची नोट पुढे करून सुटे पैसे न मोजताच खिशात टाकू लागतो. भजनी मंडळात पुढे बसणारा मागे बसू लागतो, मग जायचेच सोडतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या पेन्शनराची सही जुळत नाही आणि बँकेतला कारकून कुरकुरतो. पुरुषांच्या बाबतीत एक गंमत अशी की निवृत्तीनंतर घरात त्यांना कुणी काही काम सांगतच नाही. जेवायला वाढले जाते, कपडे काढून ठेवले जातात. कामच नसेल तर चुकणार काय? त्यामुळे बायको आजारी पडली किंवा गेली की ‘अचानक’ काकांना डिमेन्शिया झाल्याचे उघडकीस येते. तो दोन-तीन वर्षे तिथेच असतो, काकूंनी झाकून नेलेला.

बायकांच्या बाबतीत खुणा स्वयंपाकघरात पडतात, आणि त्यांना भांडणाचे रूप येते. आमटीत दोनदा मीठ पडते आणि ‘मी टाकलंच नाही, तूच टाकलंस’ होते. दागिने जपून ठेवायचे म्हणून जागा बदलली जाते, जागा विसरली जाते, आणि रिकाम्या जागेचे एकच स्पष्टीकरण मेंदूला सुचते: कुणीतरी घेतले. घरात बाहेरून आलेली कोण? सून. अशा किती सुनांनी वर्षानुवर्षे चोरीचा आळ सोसला असेल, आणि किती घरे त्यावरून वेगळी झाली असतील! ज्या रुग्णामुळे अल्झायमर हे नाव पडले, त्या बाईंचीही गोष्ट वेगळी नव्हती. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर आलेल्या ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या गृहिणीचे पहिले ठळक लक्षण होते नवऱ्यावरचा संशय. त्यांच्याही स्वयंपाकात चुका होऊ लागल्या होत्या. सव्वाशे वर्षे झाली, आपण अजून त्याला स्वभाव म्हणतो.

सगळाच डिमेन्शिया विसरण्याने सुरू होतो असेही नाही. पक्षाघाताच्या छोट्या झटक्यांनी होणारा प्रकार पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. एका प्रकारात खोलीत नसलेली लहान मुले, जनावरे दिसतात. आणखी एका प्रकारात पन्नाशी-साठीतच सभ्य माणूस चारचौघांत भलतेच बोलू लागतो, आणि घरचे त्याला आधी व्यसनी ठरवतात.

आणि डिमेन्शियासारखे दिसणारे सगळे डिमेन्शिया नसते. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणून माझा सगळा आग्रह इथे असतो, कारण हे आम्ही बरे करू शकतो. थायरॉइड कमी असणे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत वारंवार सापडते. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोरीत पडून डोक्याला मार लागला, तेव्हा काही वाटले नाही, पण मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त. ऐकू न येणारा माणूसही विसरभोळा वाटतो, त्याने गोष्ट मुळात ऐकलेलीच नसते. शिवाय आमच्या पेशाचे पाप: झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या, लघवीच्या, कंपवाताच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात लोटतात. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या एका पिशवीत असतात आणि ती पिशवी कुणी टेबलावर ओतत नाही. ती ओतायला लावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: काल-परवापर्यंत ठीक असलेली आजी दोन दिवसांत बरळू लागली, तर ती डिमेन्शियाची सुरुवात मानून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम घसरणे असे काहीतरी असते, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नव्या औषधांबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब यांना मान्यता मिळाली. दोन्ही फक्त सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत, आजार बरा करत नाहीत, त्याची उतरण काहीशी मंदावतात. देण्याआधी मेंदूतले अमायलॉइड सिद्ध करावे लागते आणि देताना मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे वारंवार एमआरआय करून पाहावे लागते. विज्ञान म्हणून हे मोठे पाऊल आहे. माझ्या रांगेतल्या आजींच्या आयुष्यात मात्र ते सध्या फारसे काही बदलत नाही. डोनेपेझिल, मेमँटिन ही जुनी औषधे स्वस्त आहेत, काहींना काही काळ थोडा उपयोग होतो. ‘ब्रेन टॉनिक’च्या बाटल्यांवर जाणारे पैसे वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग लवकर ओळखून करायचे काय? हा प्रश्न मला डॉक्टर मंडळीही विचारतात, थोड्या निराशेने. उत्तरादाखल मी निफाडच्या घराकडेच पुन्हा जाते. तिथे आजार ओळखण्याआधीच ‘उपचार’ सुरू झाला होता: हजेरीची वही काढून घेतली, कुरडया बंद केल्या. मायेपोटीच केले. पण एका वर्षात आजींच्या हातातले प्रत्येक काम गेले आणि त्या दिवसभर ओट्यावर बसून राहू लागल्या. टॉम किटवुड या ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डच्या अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात हेच मांडले. माणूस खचतो तो फक्त मेंदूतल्या बिघाडाने नाही, तर भोवतालचे लोक त्याला लहान मूल समजतात, त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलतात, त्याला जमेल त्याहून वेगाने सगळे उरकतात, हातातले काम काढून घेतात, यानेही खचतो. यात दुष्टपणा नसतो, असे तेही म्हणतात. माणसाला मध्यभागी ठेवून आधार देणे ही कल्पना तिथून रुजली. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: स्मृती हरवलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या घरच्या चन्नम्माच्या हाती सापडतात. तिला आजाराचे नाव माहीत नसते, त्यांची विद्वत्ताही माहीत नसते. ती त्यांना जसे आहेत तसे घेते. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हे विशेष.

घरात याचा अर्थ काय, हे तपशिलात सांगायला हवे. काम काढून घ्यायचे नाही, कामाची एखादी पायरी काढून घ्यायची. कुरडयांचे दिवस आणि पाणी सुनेने सांभाळावे. चीक शिजला की नाही हे बोटाने पाहून सांगणे आजींचे. हजेरी नातीने लिहावी, मजुरांची नावे आजींनी पुकारावीत. पाटल्या हरवल्या तर ‘कुणी नाही घेतल्या, तूच ठेवल्यास’ असा कज्जा करू नये. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणावे. वाद जिंकून इथे काही मिळत नाही, कारण अपमान झाल्याची भावना प्रसंग विसरल्यावरही मागे राहते. एका वेळी एकच सूचना द्यावी. भांड्यांची, कपाटाची जागा बदलू नये. गॅसची काळजी घ्यावी, पण स्वयंपाकघराला कुलूप नको. आणि पाहुण्यांनी येता-जाता परीक्षा घेणे पूर्ण थांबवावे. ‘सांग बघू, मी कोण?’ हा आपल्याकडचा आवडता खेळ. उत्तर नाही आले की सगळे हळहळतात, आणि ज्याची परीक्षा झाली तो सगळ्यांसमोर नापास होतो. त्याऐवजी ‘आत्या, मी सिन्नरचा, तुमच्या भावाचा मुलगा’ असे म्हणायला किती कष्ट पडतात?

रुग्णाला सांगावे का? बहुतेक घरे म्हणतात, ‘आईला सांगू नका.’ मी सांगते, पण नावाचा धाक न घालता: ‘‘आजी, विसरायला होतंय ते तुमच्या हट्टाने नाही, आजाराने होतंय. औषध देऊ, घरचे सोबत आहेत.’’ सुरुवातीच्या काळात माणसाला आपले काहीतरी निसटते आहे हे कळत असते. ते एकट्याने लपवण्याचा शीण मोठा असतो. शिवाय याच काळात त्याची संमती खरी संमती असते. द्राक्षपट्ट्यात आणि शहराच्या कडेला जमिनीचे भाव असे आहेत की हक्कसोड पत्रावर आईचा अंगठा घेण्याची घाई कधी कधी आजारापेक्षा पुढे असते. अनेकांना वाटते मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. आपल्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपते. मृत्युपत्र, बँकेतले वारस, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपले उपचार कसे व्हावेत याची आगाऊ सूचना व आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी, हे सगळे माणूस स्वतः ठरवू शकतो तोवरच ठरवायचे. निदान उशिरा झाले की ही दारे एकेक करून बंद होतात.

आता दुसरी बाजू, दाराशी उभी असलेली. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ मधल्या अभ्यासात लोकांनी डिमेन्शियाच्या लक्षणांना म्हातारपण म्हटले, आणि म्हातारपणीच्या मानसिक दुखण्यांचा दोष मुलांच्या दुर्लक्षाला, प्रेम आटण्याला दिला. म्हणजे सांभाळणारीनेच आधी आरोपी व्हायचे. त्याच गोव्यात पुढे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर एक नियंत्रित चाचणी केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक भाषा येणाऱ्या, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या गृहसल्लागारांना आठवडाभराचे प्रशिक्षण दिले. त्यांनी सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जायचे. आजार समजावायचा, चिडचिड, भटकणे, संशय यांना कसे हाताळायचे ते दाखवायचे, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायची. मानसोपचारतज्ज्ञ मागे देखरेखीला. रुग्णांच्या वागण्यात ठाम म्हणावा असा फरक आकड्यांत सिद्ध झाला नाही, पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्ट सुधारले, त्यांचा ताण उतरला. मला हा निकाल अजिबात छोटा वाटत नाही. रुग्णाचा संपूर्ण आधार एका माणसावर उभा असेल, तर ते माणूस उभे राहणे हाच उपचार आहे.

गृहसल्लागाराचे हे वर्णन वाचताना कुणाची आठवण होते? आशाताईची. तिच्यावर आधीच नको तितकी कामे आहेत आणि मोबदला मात्र तुटपुंजा, हे मान्य करूनच लिहिते आहे. पण यंत्रणा आहे, ती घरोघरी जाते, आणि सासू-सुनेतली कुरबुर तिला डॉक्टरांच्या आधी कळते. चौथा प्रश्न बदलून घरच्यांना विचारायचे दोन-तीन प्रश्न घालायला, आणि ‘हो’ आल्यावर पुढे काय करायचे याचे काही दिवसांचे प्रशिक्षण व त्यासाठी वेगळे मानधन द्यायला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. सध्या पैसा कुठे जातो पाहा. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान कवच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. डिमेन्शियाचा रुग्ण दहा वर्षांतले बहुतेक दिवस घरी असतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी तीन हजार रुपये मिळतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले आणि ते सगळे दूर केले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असे म्हटले, त्यांत न सुधारलेली नजर आणि कमी ऐकू येणे, दोन्ही आहेत. ही योजना आजारांच्या यादीत कुणी धरत नाही. माझ्या मते ती धरावी. केरळने २०१४ मध्येच राज्य पातळीवर डिमेन्शियाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्राने वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

नाशिकला तर घाईचे एक खास कारण आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. रस्ते, घाट, पूल यांची चर्चा रोज पानभर असते. त्या गर्दीत देशभरातून साठीपुढचे लोकही येणार. अनोळखी जागा, अपुरी झोप, उपवास, गोळ्यांचे चुकलेले वेळापत्रक, यात घरी कसाबसा निभावणारा सुरुवातीचा डिमेन्शिया एका दिवसात उघडा पडतो. हरवलेल्यांच्या केंद्रावर आपण विचारतो, नाव काय, गाव कोणते? जुने टिकते आणि नवे जाते, हा या आजाराचा स्वभाव. त्यामुळे आजी सांगतात ते बहुधा माहेरचे नाव आणि माहेरचे गाव. लग्नात नाव बदललेल्या पिढीतली ती बाई; कर्ण्यावरून पुकारा होतो भलत्याच नावाचा, आणि दहा पावलांवर शोधत फिरणाऱ्या मुलाला तो आपल्या आईचा आहे हे कळतच नाही. स्वयंसेवकांना एवढेच शिकवा: माहेर आणि सासर वेगवेगळे विचारा, मुलांची नावे विचारा, दोन्ही नावांनी पुकारा. येणाऱ्या कुटुंबांनी फोन नंबर चिठ्ठीवर न देता कपड्याच्या आतून शिवून द्यावा, निघताना आजींचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढावा. रामकुंडावर किंवा कुशावर्तावर बावरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून ओढू नये. समोरून येऊन, नजरेच्या पातळीवर, हळू बोलावे. आणि हे सिंहस्थापुरते नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस, दोन्ही सेवा मोफत आहेत. घरात फ्रिजवर लिहून ठेवाव्यात.

निफाडच्या आजींचे ब-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केली, गोळ्या सुनेच्या हाती गेल्या, चक्कर थांबली. हुशारी थोडी परतली, पूर्ण नाही. वर्षभर पाहिल्यानंतर हा सुरुवातीचा अल्झायमर असावा, असे मी घरच्यांना सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘म्हणजे ते चोरीचं... ते आजारातलं होतं?’’ सून त्याच्याकडे न बघता केसपेपरची घडी करत होती.

या उन्हाळ्यात त्यांच्याकडे पुन्हा कुरडया झाल्या. पाटल्या मध्ये तांदळाच्या डब्यात सापडल्या, नंतर पुन्हा हरवल्या आहेत.